पुर्ववत

सीताबर्डीच्या तळघरात, लांजेवारांच्या दुकानात,
कूलरच्या तोंडाशी मांडलेला तो खोका.
निळा, पुठ्ठ्याचा. आत चार सीडी,
आठ पानांची मराठी पुस्तिका
आणि पुष्कळशी हवा.

नवा घ्याल तर चोवीसशे.
जुना असेल घरी, तर एकोणीसशे पन्नास.
"म्हणजे माझ्या जुनेपणाचे साडेचारशेच?"
"काहून जी, तेही नको होते का?"
"पण आतलं तर सगळं फुकट आहे ना?"
"आतलं फुकटच आहे, मॅडम.
मी खोका विकून राहिलो."

इतवारीत आई पितळी गंज घेऊन
कल्हईवाल्यासमोर उकिडवी बसायची.
गंज आमचा. कथील त्याचं, नवसागर त्याचा,
भाता ओढणारं पोरगंही त्याचंच.
नव्या गंजाचा भाव काढून
त्यातून जुन्याचा वजा करणं
तिला कधी सुचलं नाही.
म्हणायची, आत तोंड दिसलं पाहिजे,
मग बोल किती.

ह्या खोक्यात माझं तोंड आहे.
लांजेवारांना ते ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवसभर महालातल्या क्लासात
पोरांना टायपिंग शिकवून झालं की
रात्री, फोनचा दर उतरल्यावर,
मी यादीतले शब्द मराठीत आणत बसायची.
एकशे बारा आणले.
जतन करा. चिकटवा. शोधा.
'कापा' लिहिताना हात जरा अडला.
कुणी पैसे दिले नाहीत,
मी मागितले नाहीत, मनातसुद्धा नाही,
मनात एकदा मागितले, फोनचं बिल आलं तेव्हा.

त्यातला एक चुकला.
पुर्ववत करा.
पहिलाच उकार ऱ्हस्व.
तो तसाच सीडीवर चढला, भंडाऱ्याला गेला,
वर्ध्याच्या कुठल्याशा शाळेत गेला,
आणि मेनू उघडला की
डोळ्यात कुसळासारखा यायचा.
सगळं पूर्ववत करणारा शब्द,
तोच एक मला मागे घेता येईना.

"लावून दाखवा," मी म्हटलं.
लांजेवारांनी दुकानातल्या मशीनवर नवं लावलं.
चाळीस मिनिटं. मधे चहा, मधे लाईट गेली,
पुन्हा पहिल्यापासून.
मग मेनू.
पूर्ववत करा.
दीर्घ.

आतली फाइल उघडून बघितली.
नाव नव्हतं. तारीख होती,
आणि वेळ: पहाटेचे पावणेतीन.
कुणीतरी एका उकारासाठी जागं होतं,
बहुधा माझ्यावर चिडूनच.

एकोणीसशे पन्नासातला एक पैसाही
त्या माणसाला जात नाही, मला माहीत आहे.
पैसे जातात पुठ्ठ्याला, छपाईला, मुंबईच्या वितरकाला,
ह्या तळघराच्या भाड्याला, कूलरच्या पाण्याला.
ह्यातलं एकही खोटं नाही.
एकेक रक्कम बरोबर,
आणि बेरीज केली की घशात काहीतरी राहतं.

लांजेवार माझ्या तोंडाकडे बघत होते.
"नका घेऊ मग. सीड्या घरी न्या,
कॉपी करा, उद्या आणून द्या.
चोरी नाही ते. त्याच्यातच लिहून देलं आहे."
आणि कोऱ्या सीड्यांचा डबा पुढे सरकवला.
पंधराला एक.

चार घेतल्या.
निघता निघता पुस्तिका चाळली.
पान पाच, मेनूचं चित्र, खाली ठळक अक्षरांत
पुर्ववत.
माझाच. ऱ्हस्व. चकचकीत कागदावर.

फुकटाचं होतं ते सुधारलं होतं.
पैशाचं होतं ते तसंच छापलं होतं.

मी त्यांच्या खिशातलं पेन मागितलं.
ऱ्हस्वाचा दीर्घ करायला
अर्धी गिरकी पुरते.
लांजेवारांनी पान उजेडात धरलं,
शाई वाळू दिली, पुस्तिका खोक्यात घातली,
झाकण लावलं, आणि खरोखरच विचारात पडून म्हणाले,
"आता ह्याचा भाव
किती सांगू गिऱ्हाइकाले?"